तबकडी क्रमांक नऊबद्दल मतभेद

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या श्री ज्ञानवर्धक वाचनालयाच्या घटनेचे सतरावे कलम असे होते: वाचनालयात दाखल होणारे कोणतेही साहित्य एका जबाबदार कर्मचाऱ्याने स्वतः तपासून त्यावर लेखी अभिप्राय दिल्याशिवाय कपाटात ठेवले जाणार नाही. कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी फक्त पुस्तके होती आणि जबाबदार कर्मचारी पुष्कळ असतील अशी त्यांची समजूत होती. १९७९ साली वाचनालयात पुस्तके अकरा हजार होती आणि जबाबदार कर्मचारी एक.

त्यांचे नाव दत्तोपंत कागलकर. वय त्रेपन्न. नोकरीला एकोणीस वर्षे झाली होती, त्यांतली अकरा ते प्रभारी ग्रंथपाल होते. प्रभारी म्हणजे काम पूर्ण वेळ आणि खुर्ची तात्पुरती. कायम करण्याचा ठराव दर वार्षिक सभेत मांडला जाई आणि चहा आल्यामुळे पुढच्या सभेपर्यंत तहकूब होई.

दत्तोपंतांचे अभिप्राय थोडके असत आणि खरे असत. एका ऐतिहासिक कादंबरीवर त्यांनी लिहिले होते, "घोडे चांगले. माणसे सगळी एकसारखी." एका कवितासंग्रहावर, "कागद उत्तम." पाककृतींच्या एका पुस्तकावर, "पान ४३ पत्नीने करून पाहिले. मिठाचे प्रमाण चुकले आहे." लेखक मंडळी दुखावत, पण वाचक पुस्तक घेण्याआधी अभिप्रायांची वही उघडत आणि मगच कपाटाकडे वळत. दत्तोपंतांना कायम खुर्चीपेक्षा या गोष्टीचा अभिमान जास्त होता. दुसरा अभिमान होता तो कानाचा. गावात कुठेही गाणे असले की दत्तोपंत तंबोरे लावायच्या आधी जाऊन बसत. गवई बेसूर झाला तर ते काही बोलत नसत, फक्त उजवा पाय मागे घेत. जाणकार गवई त्यांच्या पायाकडे बघून गात.

त्या वर्षी वाचनालयाचे अध्यक्ष गणपतराव यांच्या फौंड्रीत मशीन बसवायला एक जर्मन इंजिनियर आला होता. गणपतराव मूळचे शिरोळकडचे, शेतकऱ्याच्या घरातले; उसातून लोखंडात आले आणि लोखंडातून समाजकार्यात. जर्मन साहेब आठ महिने शाहूपुरीत तानाबाईंच्या माडीवर भाड्याने राहिला. संध्याकाळी तो रेकॉर्डी लावी. तानाबाईंनी दोन वेळा पोलिसांत कळवले की वर कुणीतरी कपाटे ओढतंय. जाताना साहेबाने सामान बांधले, तेव्हा चार जोड चपला आणि दोन बरण्या चटणी एवढ्याने विमानात चालणारे वजन भरले. म्हणून त्याने चौदा रेकॉर्डी वाचनालयाला भेट दिल्या. गणपतरावांनी हार घालून त्या स्वीकारल्या. भाषणात त्यांनी "जर्मनी आणि करवीर यांचे सूर जुळले" असे वाक्य वाचले. ते त्यांना कुणीतरी लिहून दिले होते.

कलम सतरा पुस्तके म्हणत नव्हते, साहित्य म्हणत होते. गणपतरावांनी घरचा रेकॉर्ड प्लेअर पाठवून दिला आणि दत्तोपंत रोज चार ते पाच मागच्या खोलीत बसून तबकड्या ऐकू लागले. पंधरा दिवसांनी फलकावर अभिप्राय लागले.

"क्रमांक एक. तबकडी बिघडलेली आहे. शहाबादी फरशीवरून लोखंडी वस्तू ओढल्यासारखा आवाज एकोणीस मिनिटे येतो. बदलून मिळाल्यास बरे."

"क्रमांक दोन. एकच सूर बावीस मिनिटे. सूर खरा आहे. पुढे काय ते कळले नाही."

"क्रमांक तीन. ठोके. हृदयविकार असलेल्या सभासदांस देऊ नये."

"क्रमांक चार. एक बाई जर्मन भाषेत काहीतरी विचारते. उत्तर म्हणून भोंगा वाजतो. असे बारा वेळा."

"क्रमांक पाच. क्रमांक एकसारखीच बिघडलेली, पण जास्त मेहनतीने."

असे चौदापर्यंत. दत्तोपंतांच्या दृष्टीने विषय संपला होता.

तो संपला नाही, कारण फलक प्रा. हेरवाडकरांनी वाचला. हेरवाडकर एका महाविद्यालयात सौंदर्यशास्त्र शिकवत आणि अशा प्रकारच्या संगीतावर त्यांनी एका मासिकात लेख वाचलेला होता. तबकडी त्यांनी एकही ऐकली नव्हती, पण लेख दोनदा वाचला होता. दुसऱ्याच आठवड्यात स्थानिक दैनिकात त्यांचे पाऊण पान छापून आले: 'कोल्हापूरचे कान कुठे आहेत?' जग प्रयोगशील ध्वनीकडे चालले असताना आपल्या गावचा एक कारकून त्याला बिघाड म्हणतो, याची त्यांना लाज वाटली होती. लाज गावाच्या वतीने वाटली होती, त्यामुळे ती गावाला मान्य करावी लागली.

गणपतरावांनी दत्तोपंतांना फौंड्रीत बोलावून घेतले.

"कागलकर, ह्ये काय लिवलंय? बिघडल्याली?"

"मी ऐकली ना साहेब. दोन्ही बाजू."

"ऐकली असंल की. पर त्या माणसानं हितं मशीन बसवलं. आठ म्हैने झालं, एक नट ढिला न्हाय. त्याची रेकॉर्ड बिघडल्याली कशी असंल?"

"मशीन वेगळं आणि रेकॉर्ड वेगळी."

"दोन्ही जर्मनच हाय की. माल जर्मन आन् कान देशी. मग बिघाड कुणाचा?" गणपतरावांनी हे रागाने विचारले नाही. हिशेब सोपा होता, तो त्यांनी मांडून दाखवला. "परत ऐका. येक डाव न्हाय, तीन डाव. आन् तुमच्या कायमचं ह्या वर्षी बघायचंय मला. पुण्याचा सरकारी साहेब येणार हाय तपासणीला. वाचनालय 'अ' वर्गात गेलं तर ग्रंथपाल कायमचा लागतोय."

दत्तोपंत परत आले तेव्हा 'ध्वनिमुद्रिका अभिप्राय उपसमिती' स्थापन झाली होती. अध्यक्ष प्रा. हेरवाडकर, सदस्य चार, त्यांत स्वतः गणपतराव.

उपसमितीने रविवारी दुपारी सामुदायिक श्रवण सुरू केले. पहिल्या रविवारी बारा माणसे आली, तिसऱ्या रविवारी गादीवर जागा उरली नाही. वकील आले, डॉक्टर आले, त्यांच्या बायका रेशमी साड्या नेसून आल्या. आवाज सुरू झाला की सगळे डोळे मिटत. डोळे मिटल्यामुळे दुसऱ्याचा चेहरा दिसत नसे आणि आपला दिसण्याची भीती राहत नसे. एकच अडचण होती. दाद कुठे द्यायची ते कळत नव्हते. सम नाही, तान नाही, तिहाई नाही. भलत्याच ठिकाणी "वा" म्हटले तर माणूस उघडा पडणार. हेरवाडकरांनी यावर तोड काढली. दादेची ठिकाणे मिनिटे घालून एका कागदावर लिहिली आणि शिपाई कृष्णात याला समोर स्टुलावर बसवले. त्याने घड्याळ बघून हात वर करायचा, मग श्रोत्यांनी एक डोळा किलकिला करून दाद द्यायची.

कृष्णातने पहिले दोन रविवार कागद बघितला. पुढे त्याने मनाला येईल तेव्हा हात वर करायला सुरुवात केली. एकदा मान खाजवण्यासाठी त्याने हात उचलला तेव्हा वकिलांच्या तोंडून "क्या बात है" निघून गेले. कृष्णातला घरी जायची पावणेसहाची एस.टी. गाठायची असे, म्हणून तो वेगाचा खटका तेहतीसऐवजी पंचेचाळीसवर ठेवी. त्यामुळे सगळ्या तबकड्या सव्वापटीहून जास्त वेगाने संपत. हे महिनाभर कुणाच्या लक्षात आले नाही. मग दत्तोपंत पहिल्यांदा येऊन बसले, त्यांच्या पहिल्याच मिनिटाला आले. त्यांनी उठून खटका तेहतीसवर आणला, तेव्हा उपसमितीचे एक सदस्य मागून म्हणाले, "कागलकर, मशीनला हात लावू नका. संगीताचा जोम गेला."

एका रविवारी मध्येच वीज गेली. पंखे थांबले, तबकडी थांबली आणि सभागृह सात मिनिटे घाम गाळत तल्लीन बसून राहिले. वीज परत आली तेव्हा बऱ्याच जणांनी नापसंतीने डोळे उघडले. हेरवाडकरांनी त्या आठवड्याच्या लेखात 'मधली दीर्घ शांतता ही रचनेतील सर्वांत धाडसी जागा' असे लिहिले. दत्तोपंतांनी कात्री काढली आणि नियमाप्रमाणे तो लेख फाइलला लावला.

इकडे मागच्या खोलीत त्यांचे तीन-तीन वेळा ऐकणे चालूच होते. गणपतरावांचा हुकूम होता म्हणून ते ऐकत होते, आणि हुकमाने ऐकायचे तर नीट ऐकायचे, हा त्यांचा स्वभाव. क्रमांक एक तिसऱ्यांदाही त्यांना लोखंडच वाटली. क्रमांक तीनला त्यांनी निदान ताल शोधायचा प्रयत्न केला, पण ठोकणाऱ्यालाच तो नको होता. क्रमांक नऊ मात्र तिसऱ्यांदा लावली तेव्हा वेगळेच घडले.

नऊमध्येही वर घासण्याचा, खरडण्याचा आवाज होताच. पण त्याच्या मागे, खूप मागे, दोन खर्जाचे सूर होते. ते एकमेकांच्या जवळ होते, पण एक नव्हते. त्यामुळे त्यांच्यात एक हेलकावा येत होता, वँव-वँव-वँव असा. दत्तोपंतांनी वही खाली ठेवली. हेलकावा हळूहळू लांबत होता. एक सूर दुसऱ्याकडे सरकत होता, केसाएवढा, मिनिटाला केसाएवढा. वर लोखंड खरडत होते आणि खाली कुणीतरी सतरा मिनिटे एक तार पिळत होते. अठराव्या मिनिटाला हेलकावा थांबला. दोन्ही सूर एक झाले. तेवढ्यात बाजू संपली.

दत्तोपंतांच्या अंगावर काटा आला. जोडीच्या तारा मिळतात तो क्षण त्यांच्या ओळखीचा होता. गाण्याच्या आधी लोक पान जमवत असतात, ओळखीपाळखी करत असतात, तेव्हा गवई तंबोऱ्यावर कान ठेवून तारा मिळवत असतो. दत्तोपंतांना सगळ्या मैफिलीत तेवढेच सर्वांत जास्त आवडायचे. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितले नव्हते. गाण्यापेक्षा तंबोरे लावणे आवडते, असे सांगणाऱ्या माणसाला गाणे कळत नाही असेच कुणीही म्हणेल. आणि इथे परमुलखातल्या एका माणसाने त्याच गोष्टीची रेकॉर्ड काढली होती.

घरी त्यांनी बायकोला, मीनाक्षीबाईंना सांगितले. त्या गहू निवडत होत्या.

"चांगलं आहे का गाणं?"

"चांगलं आहे असं म्हणवत नाही. पण मला उद्या परत ऐकायचंय."

मीनाक्षीबाईंनी सूप खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी त्या चार वाजता वाचनालयात आल्या आणि मागच्या खोलीत स्टुलावर बसून पूर्ण बाजू ऐकली. डोळे त्यांनी मिटले नाहीत.

"तंबोरा लावताहेत," त्या म्हणाल्या, "आणि शेजारी कुणीतरी कपाट ओढतंय."

"बरोबर."

"मग कपाट बंद करून का ऐकवत नाहीत?"

"कपाट असल्यामुळेच कान द्यावा लागतो की."

मीनाक्षीबाईंनी जरा विचार केला. "मला नाही आवडलं. पण खोटं नाहीये ते," त्या म्हणाल्या आणि भाजी आणायला गेल्या.

दत्तोपंतांनी सुधारित अभिप्राय लिहायला घेतले. क्रमांक एकचा त्यांनी बदलला: "बिघडलेली नाही. मुद्दाम आहे. तरीही आवडली नाही." क्रमांक नऊवर आयुष्यात पहिल्यांदा पाऊण पान लिहिले. शेवटी लिहिले, "सभासदांनी ही एकट्याने, दार लावून, तीनदा ऐकावी. दोनदा ऐकून काही उपयोग नाही." आणि क्रमांक अकरावर लिहिले, "यात कलावंत आढळला नाही. काहीतरी मोडले आहे आणि मोडतच चालले आहे."

यामुळे मोठीच पंचाईत झाली. क्रमांक अकरा ही उपसमितीने सर्वश्रेष्ठ ठरवली होती. 'यंत्रयुगातील मानवाचा एकाकी आक्रोश' असा तिचा अभिप्राय चौकट करून सभागृहात लावला होता. आणि क्रमांक नऊ उपसमितीने निकालात काढली होती, कारण तिच्यात दाद द्यायला हेरवाडकरांना एकही जागा सापडली नव्हती.

गणपतरावांनी पुन्हा बोलावले. या वेळी दार लावून घेतले.

"तुमी अकराला काय म्हटलंय, मोडतंय काईतरी?"

"हो साहेब. मला तसं ऐकू आलं."

गणपतराव टेबलावरचा एक नट फिरवत बसले. "बेअरिंग हाय ती," ते म्हणाले.

"काय?"

"बेअरिंग. जर्मन साहेब हितं मिस्त्री लोकांस्नी ऐकवायचा. एका बाजूला चांगली बेअरिंगं, दुसऱ्या बाजूला गेल्याली. आवाजावनं वळखायला. त्येच्या कंपनीनं काढल्याली रेकॉर्ड हाय. चुकून ह्या गठ्ठ्यात आली."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्या रविवारीच वळखली की. तीस वर्सं बेअरिंगच ऐकतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळी माना हालवत हुती, कागलकर. वकील हालवतोय, डॉक्टर हालवतोय. मी बोललो असतो तर म्हटली असती, ह्यो फौंड्रीवाला, ह्येला गाण्यातबी बेअरिंग दिसतंय." त्यांनी नट खाली ठेवला. "आन् खरं सांगू का? धा मिनिटं गेल्यावर मलाबी वाटाय लागलं, आसंल बाबा आक्रोश."

गणपतरावांनी खिशातून एक टाइप केलेला कागद काढून दाखवला. दत्तोपंतांना कायम करण्याचा हुकूम होता. फक्त सही आणि तारीख राहिली होती.

"पुण्याचा साहेब येत्या गुरुवारी येतोय. त्यानं इचारलं तर उपसमितीचं वाचा. तुमचं वाचू नका. त्यो गेला की सही करतो."

गुरुवारी तपासणीचे साहेब पुण्याहून आले. सकाळी त्यांना पन्हाळ्याला नेण्यात आले, तिथली हवा दाखवण्यात आली, झुणका-भाकरी देण्यात आली आणि मग दुपारी चाळीस मिनिटे वाचनालयाची तपासणी झाली. अकरा हजार पुस्तके त्यांनी दारातून पाहिली. ध्वनिसंग्रहासाठी मात्र खास बसले. क्रमांक अकरा लावण्यात आली. कृष्णातने हात वर केला. साहेबांना पद्धत माहीत नव्हती, पण ते सरकारी नोकरीत मुरलेले होते. सगळ्यांबरोबर त्यांनीही "वा" म्हटले.

हेरवाडकरांनी उपसमितीचा अभिप्राय वाचला. साहेबांनी लिहून घेतला. मग घटनेची प्रत चाळता चाळता त्यांची नजर सतराव्या कलमावर पडली.

"इथे जबाबदार कर्मचाऱ्याचा अभिप्राय म्हटलंय. उपसमिती कर्मचारी नाही. कर्मचारी कोण?"

दत्तोपंत उभे राहिले. गणपतराव त्यांच्याकडे बघत होते, हेरवाडकर बघत होते. टेबलावर दोन्ही अभिप्राय होते. उपसमितीचा कागद हाताजवळ होता आणि त्यांच्या अभिप्रायांची वही लांब होती. पुढे कधी मीनाक्षीबाईंनी विचारले की तुम्ही वहीच का उचलली, तेव्हा ते म्हणाले, "मी काही ठरवलं नव्हतं. ती बेअरिंग अजून वाजत होती. त्या आवाजात खोटं वाचायचं म्हणजे फार मोठ्यानं वाचावं लागलं असतं."

त्यांनी अकराचा अभिप्राय वाचला. मग कुणी विचारले नसताना नऊचाही वाचला.

साहेबांनी चष्मा काढला.

"म्हणजे एक खरखर तुमच्या मते मोडतोड, आणि दुसरी तशीच खरखर संगीत?"

"हो साहेब."

"फरक काय?"

"अकरामध्ये यंत्र बिघडलंय आणि ते दुरुस्त करायची कुणाला इच्छा नाही. नऊमध्ये कुणीतरी सूर मिळवतोय."

"सूर मिळवणं ही पूर्वतयारी झाली. पूर्वतयारीला कार्यक्रम म्हणता येत नाही. तसं म्हटलं तर उद्या टेबल पुसण्याला कचेरीचं काम म्हणावं लागेल." साहेबांनी कागद पुढे केला. "लेखी द्या. दोन्ही आवाजांतला फरक मापात बसला पाहिजे. इंच, शेर, अंश, काहीही चालेल."

दत्तोपंतांनी दीड पान लिहून दिले. माप मात्र त्यांना देता आले नाही.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. वाचनालय 'अ' वर्गात गेले. आधुनिक ध्वनिसंग्रहाबद्दल उपसमितीचे अभिनंदन होते. क्रमांक अकरा हा उत्कृष्ट नमुना असल्यामुळे ती पुण्याला मागवण्यात आली होती, म्हणजे इतर जिल्ह्यांच्या वाचनालयांना ती ऐकवता येईल. क्रमांक नऊबद्दल कर्मचारी व उपसमिती यांच्यात मतभेद आढळला होता. मतभेद असलेले साहित्य संग्रहात ठेवता येत नाही, सबब ती दोन साक्षीदारांसमक्ष जाळून नष्ट करावी. आणि प्रभारी ग्रंथपालांनी कायम होण्यापूर्वी सरकारी डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत, कारण जे सर्वांना ऐकू आले ते त्यांना ऐकू आलेले नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी नादकाटा गुडघ्यावर आपटून दत्तोपंतांच्या कानाशी धरला.

"ऐकू येतंय?"

"पेटीतली पांढरी एक," दत्तोपंत म्हणाले. "जरा उतरलेली."

डॉक्टरांनी काट्याकडे पाहिले. मग शेजारच्या खोलीतून पेटी वाजवणाऱ्या कंपाउंडरला बोलावले आणि खात्री करून घेतली. दोघांनी मिळून अर्धा तास दत्तोपंतांना दाराआडून निरनिराळे आवाज ऐकवले. बाटलीचे बूच, सुईची डबी, शेवटी अंगठीने खिडकीच्या गजावर मारलेली टिचकी. डॉक्टरांनी खुशीत प्रमाणपत्र लिहिले: "दोन्ही कान सर्वसामान्यांहून पुष्कळ तीक्ष्ण आहेत." कित्येक वर्षांत दत्तोपंतांना इतके बरे वाटले नव्हते. ते प्रमाणपत्र त्यांनी वाटेत दोनदा उघडून वाचले.

उत्तर पंधरा दिवसांत आले. ग्रंथपालपदासाठी श्रवणशक्ती सर्वसामान्य असावी असा नियम आहे. सदर कर्मचाऱ्याची श्रवणशक्ती सर्वसामान्य नाही, असे वैद्यकीय प्रमाणपत्रावरूनच दिसते. सबब त्यांना कायम करता येत नाही. प्रभारी पदास श्रवणशक्तीची अट नसल्याने ते निवृत्तीपर्यंत प्रभारी राहू शकतात.

गणपतरावांनी टाइप केलेला हुकूम फाडला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवून दिला. "मी काय करू, कागलकर," ते म्हणाले, "तुमी थोडं बहिरं असता तर जमलं असतं."

तबकडी जाळायचा दिवस सोमवार ठरला. साक्षीदार म्हणून हेरवाडकर आणि कृष्णात. हेरवाडकरांना त्या वेळी तास होता, म्हणून त्यांनी शनिवारीच कोऱ्या कागदावर सही करून ठेवली. सोमवारी मागच्या अंगणात कृष्णातने रद्दीचा ढीग केला, रॉकेल ओतले आणि दत्तोपंतांकडे बघत उभा राहिला. दत्तोपंतांनी तबकडी कागदी पाकिटातून काढली. पाकीट ढिगावर ठेवले. मग पिशवीतली मेथीची जुडी बाजूला केली, तबकडी पिशवीच्या तळाशी सरकवली आणि जुडी वर ठेवली. कृष्णातने काडी ओढली.

"सायेब," ढीग जळून गेल्यावर त्याने विचारले, "राख किती झाली म्हणून लिवायची?"

"लिही, अंदाजे एक ओंजळ."

दत्तोपंतांनी वहीत नोंद केली: "क्रमांक नऊ साक्षीदारांसमक्ष नष्ट केली. राख एक ओंजळ." एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी लिहिलेला हा पहिला खोटा शब्द. लिहिताना त्यांनी अक्षर जास्तच वळणदार काढले. नोंद उपसमितीपुढे गेली, तिथून पुण्याला गेली. तिच्यावर कुणी हरकत घेतली नाही, कुणी स्पष्टीकरण मागितले नाही, कुणी माप मागितले नाही. हेरवाडकरांनी समासात लिहिले, "अभिप्राय अचूक. कागलकर आता परिपक्व झाले आहेत."

आठवड्याने गणपतरावांच्या गाडीतून दत्तोपंतांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आला. चिठ्ठी नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "मालक म्हणलं, वाचनालयाला नवीन घेतलाय, ह्यो तुमच्याकडं ठिवा." संध्याकाळी दत्तोपंत दार लावून बसू लागले. मीनाक्षीबाई तेवढा वेळ शेजारी जाऊन बसत. अठरा मिनिटे झाली की परत येत आणि दारातूनच विचारत, "मिळाली का तार?"

पुढे मतभेदाचा असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून वार्षिक सभेने, चहा यायच्या आधी, कलम सतरा दुरुस्त केले. अभिप्रायाऐवजी आता सहमती घेतली जाते. कर्मचाऱ्याची घेतात, तशीच सभासदांचीही घेतात. सभासदत्वाच्या फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापले आहे: "ध्वनिमुद्रिका क्रमांक अकराविषयीचे उपसमितीचे मत मी स्वतः ऐकून, विचारपूर्वक मान्य केले आहे." खाली सहीसाठी रेघ आहे. मीनाक्षीबाईंनी फॉर्म उलटून वाचला, ती ओळ खोडली आणि मग सही केली. छापील मजकुरात खाडाखोड असल्यामुळे त्यांचा अर्ज नामंजूर झाला. फॉर्म उलटून वाचणाऱ्या त्या आतापर्यंतच्या एकट्याच.

बाकी सगळे फॉर्म दत्तोपंत तारीखवार लावून ठेवतात. आपण कोल्हापुरात राहत असाल आणि वाचनाची आवड असेल, तर आपलाही त्यात असेल. गाण्यातले आपल्याला काही कळत नाही, असे आपण चारचौघांत मोकळेपणाने सांगता, हे त्यांच्या कानावर आहे. पण कागदोपत्री क्रमांक अकरा आपल्याला अतिशय आवडलेली आहे.